श्वासाची जागा

कोल्हापूरच्या क्रीडासंकुलाच्या दारात रोहिणी पाटोळेंच्या कपाळावर पट्टी बसवली गेली, तेव्हा दुपारचे चार वाजले होते. ‘डांबर’ या रॉक बँडचा हा अखेरचा कार्यक्रम. काळ्या बाजारवाल्यांनी तिकिटं गिळू नयेत म्हणून कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीने निष्ठामापक आणला होता. ओळखीचा आवाज कानी पडला की मेंदूत एक लहर उठते, ती हे यंत्र मोजायचं. खरा चाहता आत, बाकीचे घरी. बासष्ट वर्षांच्या रोहिणीताईंना घोर नव्हता. एसटीत कंडक्टर असताना ‘डांबर’पायी त्यांनी इतक्या रजा टाकल्या होत्या, की डेपोत त्यांना ‘डांबरीण’च म्हणत.

कानात ‘डांबर’चं गाणं वाजलं, आणि यंत्रावर लाल दिवा लागला.

“मावशी, परत ऐका,” यंत्रावर बसलेली सायमा म्हणाली. पुन्हा लाल. रांगेतली मागची पोरं कुजबुजू लागली. चाळीस वर्षांची भक्ती, आणि हे डबडं त्यांना परकं ठरवत होतं.

“आता शेवटची खेप हं,” सायमा म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले. ‘डांबर’चा गायक दौलत, त्याचाच खरखरीत गळा. पण दुसऱ्या ओळीआधी तो थांबला नाही. दम्यामुळे तिथे तो हमखास श्वास घ्यायचा, आणि त्याच्यासोबत अख्खं मैदान श्वास घ्यायचं. चाहत्यांची ती रीतच होती.

तिसऱ्यांदा लाल.

“पोरी, ह्यो दौलत न्हाई.”

“कालच गायलेत सर. कंपनीनं पाठवलंय.”

“माझ्या मोबाइलातलं जुनं लाव की जरा.”

सायमाने लावलं. यंत्राचा काटा थेट टोकाला जाऊन टेकला.

तिचा चेहरा उतरला. “सकाळपासून अकरा जणांना नाही म्हटलं मी. सगळे पिकल्या केसांचे. वाटलं, वयानं विसरले असतील.”

“आणि ही पोरं?”

“ती गेल्या तीन वर्षांतल्या गाण्यांवर चाहती झालीत.”

तीन वर्षं. म्हणजे तेवढी वर्षं यंत्रच दौलतच्या आवाजात गात होतं की काय? रोहिणीताईंनी विचारलं, “आज तरी तो मंचावर येणार हाय न्हवं?”

“पडद्यावर,” सायमा हळूच म्हणाली. “तब्येत बरी नाही म्हणतात. मावशी, दिवा मी हातानं हिरवा करते. जा तुम्ही.”

दार उघडलं. रोहिणीताईंना आत जायचं होतं, फार जायचं होतं. त्या वळल्या आणि बाहेर पायऱ्यांवर रुसून बसलेल्या अकरा जणांत जाऊन बसल्या.

आत गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीपाशी हजारो पोरं न थांबता गात राहिली. पायऱ्यांवर बारा जणांनी एकदम श्वास घेतला.

“दौलतला समोरासमोर शेवटचं कुणी बघितलंय?” रोहिणीताईंनी विचारलं.

प्रत्येकाने आठवून पाहिलं; तीन वर्षांच्या अलीकडचं कुणालाच सांगता आलं नाही.