हेतूचा रकाना

त्या छत्रीला बत्तीस काड्या होत्या. छत्री कागदाची, तेल पाजलेली, गेरूच्या रंगाची. तिच्यातून ऊन झिरपलं की खाली उभ्या माणसाचे कान केशरी दिसत. सेक्टर दोनच्या स्टॉपवर प्लांटची बस यायला बारा मिनिटं होती, आणि माझी नोकरी प्रयोगशाळेतली. समोर काही असलं की मी ते मोजते.

"झाल्या मोजून?" छत्रीखालून आवाज आला.

"बत्तीस."

"एक मोडली होती, मी नवी बसवली. ते धरली का?"

"ती धरूनच."

"मंग सावलीत या. मोजणाऱ्याले फुकट आहे."

मी गेले नाही. म्हणजे... अर्धी गेले. उजवा खांदा सावलीत, डावा उन्हात. बस आली तेव्हा तो चढला नाही. त्याला कुठे जायचंच नव्हतं, नुसता भिलाई पाहत उभा होता.

संध्याकाळी कळलं, की तो शेजारच्या मैनाबाईंचा भाचा केवलराम. रंगूनजवळच्या इन्सीनला रेल्वेच्या कारखान्यात फिटर. त्याची आई तुमसरची. लग्न होऊन ब्रह्मदेशात गेली आणि तिची मराठी तिथे बरणीत ठेवल्यासारखी टिकली. तीच मराठी केवलराम बोलत होता. जन्म तिकडचा, पासपोर्ट तिकडचा. व्हिसा तीन महिन्यांचा, बारा एप्रिलपर्यंत. फॉर्मवर प्रवासाच्या हेतूपुढे त्यानं लिहिलं होतं: मावशीची भेट.

मावशीची भेट पहिल्या आठवड्यात उरकली असावी. कारण नंतर रोज, माझी बस परत यायच्या वेळी, छत्री स्टॉपवर हजर असे.

"ऊन तर केव्हाच उतरलं," मी म्हणायची.

"मले मालूम आहे. छत्रीले मालूम नाही. तिले आदत लागली."

"छत्रीला की तुम्हाला?"

"तुमी शास्त्र शिकल्या. तुमीच तपासा."

भट्टीकडून येणारी तांबूस धूळ त्याच्या केसांवर बसलेली असे. ती झटकावीशी वाटे. मी हात पर्सच्या बंदावर घट्ट ठेवी.

फेब्रुवारीच्या शेवटी, आमच्या फाटकाशी, तो छत्री मिटत म्हणाला, "अन्नपूर्णा... मले इथंच राहावं वाटून राहिलं. तुह्यासंग. मायही म्हणते, परत चल आपल्या देशात."

मी म्हणाले, "सांगते."

आमच्याकडे लोखंडाचा नमुना दोनदा तपासतात. दोन्ही आकडे जुळले, तरच कागदावर चढतात; हे मी त्याला सांगितलं होतं. मला तो आवडत होता, हा एक आकडा. पण तो इथे राहू शकेल का, हा दुसरा मला ठाऊक नव्हता. तो रोज विचारायचा, "जुळला का आकडा?" आणि मी म्हणायची, "अजून एकदा बघते."

मैनाबाईंना तपासणीची गरज वाटत नव्हती. "लगीन लावून टाका. जावई झाला का देशाचा झाला. मंग कोन काढते त्याले?"

माझे बाबा, शेषराव, प्लांटमध्ये इंजिन चालवत. त्यांनी एकच कसोटी लावली होती. "त्यानं इंजिनाचा आवाज आयकला अन् कोनचा व्हॉल्व गळते ते सांगतलं. पोरगा पक्का आहे."

मार्चमध्ये व्हिसाची मुदत वाढवून घ्यायला आम्ही तिघं दुर्गच्या परदेशी नोंदणीच्या कचेरीत गेलो. फॉर्म इंग्रजीत, म्हणून मी. आपण आल्याशिवाय काम होणार नाही, म्हणून मैनाबाई. टेबलामागच्या वयस्क बाबूंनी चष्म्यावरून विचारलं, "और क्यों रुकना है?"

केवलराम म्हणाला, "मौसी से मिलना पूरा नहीं हुआ, साहब."

"काहे का मिलना," मैनाबाई पुढे सरकल्या. "इसका लगीन है, भैया. अब ये कहीं नहीं जाता."

बाबूंनी पेनाला टोपण लावलं. "माताजी, मिलने का कागज लेके आया, अब बोलते हो बसने आया. ऊपरवाले पूछेंगे, तब झूठ बोला कि अब? एक बार ये लिख गया, तो दुबारा वीज़ा मुश्किल है." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "आपने कुछ कहा नहीं, मैंने सुना नहीं. बारह तारीख से पहले गाड़ी में बिठा दो."

परतीच्या बसमध्ये मैनाबाई निम्म्या वाटेपर्यंत तिकिटाची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी का खोटं बोलली?"

"खरं बोलली, मावशी," केवलराम म्हणाला. "तेच तर झालं."

मी लायब्ररीतून नागरिकत्वाच्या तेव्हाच्या कायद्याचं पुस्तक आणलं. इथल्या माणसाशी लग्न केलेल्या परदेशी बाईला नाव नोंदवता येतं, असं त्यात होतं. इथल्या बाईशी लग्न केलेल्या परदेशी पुरुषासाठी एक ओळही नव्हती. मी पान दोनदा वाचलं. जावई देशाचा होत नव्हता. पण त्याच पानावर, थोडं वर, दुसरी वाट होती. ज्याची आई किंवा बाप इथे जन्मला, त्यानं रीतसर येऊन सहा महिने इथे वस्ती केली, तर तो स्वतःच्या हक्कानं अर्ज करू शकतो. त्यापुढच्या सोमवारी रजा टाकून मी दिवसभर बाहेर होते. कुठे गेले होते, ते कुणी विचारलं नाही.

आठ एप्रिलला संध्याकाळी सगळे आमच्या अंगणात बसले. केवलरामची पेटी बांधून झाली होती.

"जाऊच नको," मैनाबाई म्हणाल्या. "इथं सारे क्वार्टर एकासारखे एक. पोलीस कोनत्या घरात शोधन?"

"तो तुमच्या घरी येईन," माझी आई, तुळसाबाई, म्हणाली. "तुमचा आवाज चौकात आयकू येते."

बाबा हसले. केवलराम हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता. "अन्नपूर्णा हो म्हणन तर मी राहतो. पोलिसाले मी भेत नाही. आज तरी सांग... जुळला का आकडा?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. छत्री भिंतीला टेकवलेली होती. तिची ती नवी काडी बाकीच्यांपेक्षा किंचित पांढरी होती.

"उद्याच्या गाडीनं जा," मी म्हणाले.

त्यानं मान खाली घातली. मैनाबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"लपून राहिलात आणि सापडलात, तर कायमचे बाहेर. ते मला नको." मी पर्समधून घडी केलेला कागद काढला. "ही तुमच्या आईच्या जन्माची नोंद. कोतवालाच्या बुकातली नक्कल आहे, तुमसरहून आणली. रंगूनच्या कचेरीत ही जोडून नवा अर्ज करा. या खेपेला राहायला येतो म्हणून लिहा."

त्यानं कागद उलगडला. आईचं नाव बोटानं वाचलं, पुन्हा वाचलं. वर पाहिलं तेव्हा त्याचे कान, छत्री नसतानाही, केशरी झाले होते.

"अन् हेतूच्या रकान्यात?" त्यानं विचारलं. "तिथं काय लिहू?"

"लग्न लिहा," मी म्हणाले. "मी हो म्हणून राहिली."