चौथा पलंग

सहस्वप्नगृहात पलंग चार होते आणि झोपायला आले तिघे. संघ आपल्यामुळेच चालतो, अशी तिघांचीही खात्री होती. ओजस्विनी टेमकर विशेष शिक्षिका होऊ घातलेली, फिरोज मुजावर वाचा-उपचार शिकणारा, भार्गव उमाप हालचालींचे उपचार. आज इथल्या परीक्षेत उत्तीर्ण झाले, तर सोमवारी सहा वर्षांच्या मिहीरबरोबर त्याच्या नव्या शाळेत जायचं. नाहीतर मिहीरचा प्रवेश वर्षभर लांबणार.

मिहीरची आई, रेणुकाताई, सकाळी बैठकीला आल्या होत्या. "ताई, जरा बाहेर बसता? आम्ही पटकन ठरवतो," ओजस्विनी म्हणाली होती. गोड आवाजात सांगितलं की माणूस निमूट बाहेर बसतो, हे तिला पक्कं ठाऊक.

परीक्षा घेणाऱ्या डॉ. केळुसकरांनी तिघांच्या कपाळांवर संवेदक चिकटवले. "एकट्याचं स्वप्न एकटा सांभाळतो. सहस्वप्नात किमान दोन झोपलेल्यांनी एकाच वेळी पाहिलं, तरच गोष्ट टिकते. एकट्यानं पाहिलेलं विरून जातं. माणसांनाही हाच नियम. तुम्ही स्वप्नातल्या मिहीरला शेवटपर्यंत टिकवायचं."

"म्हणजे मॅडम, या भार्गवकडे बघत राहायचं?" फिरोजनं विचारलं.

"नको. तुझा आवाज पुरतो," भार्गव म्हणाला.

"आणि तो पडद्याआडचा चौथा पलंग?" ओजस्विनीनं पडद्याकडे बोट केलं.

"तुमच्याच संघाचा."

"म्हणजे राखीव," फिरोजनं परस्पर ठरवून टाकलं आणि तिघे झोपले.

वर्ग पाण्याखाली असावा तसा हिरवट होता. बाकं संथ तरंगत होती. मधोमध मिहीर बसला होता, त्याच्या चित्रफितींवरून घडवलेला. भार्गवची नजर त्याच्या पावलांवर खिळली, फिरोजची ओठांवर, ओजस्विनीची खडू धरलेल्या बोटांवर. अधूनमधून ते एकमेकांकडेही बघत, दुसऱ्याचं कुठं चुकतंय ते टिपायला. भिंती लाटांसारख्या हलल्या, फळा विरघळला, पण मिहीर तसाच राहिला. एकदा तो दाराकडे बघून हसलासुद्धा. दारात कुणीच नव्हतं.

"जमलं!" जागा होताच भार्गव ओरडला. "पावलं शेवटपर्यंत स्थिर!"

"ओठही."

"बोटंही. मॅडम, सोमवारी जायचं ना?"

डॉ. केळुसकर नजरांचा आलेख पाहत होत्या. "मिहीरवर तुमच्या नजरा एकदाही एकत्र आल्या नाहीत. पावलं एकट्या भार्गवनं पाहिली, ओठ एकट्या फिरोजनं. नियमानं पोरगं केव्हाच विरायला हवं होतं. मग प्रत्येक ठिकाणी दुसरी नजर कुणाची?"

त्यांनी पडदा सारला. चौथ्या पलंगावर रेणुकाताई केसांत अडकलेला संवेदक सोडवत होत्या.

"दारातच उभी होते की मी. हाका मारून मारून दमले."

"पण ताई, तुम्ही दिसला नाहीत!"

"कशी दिसेन? तुम्ही कुणी बघितलंच नाही."

"म्हणजे राखीव नव्हता," फिरोज पुटपुटला.

"अजून एक झोप शिल्लक आहे," डॉ. केळुसकर म्हणाल्या.

पुन्हा तोच हिरवट वर्ग. या वेळी तिघे मिहीरकडे वळलेच नाहीत. रिकाम्या दाराकडे बघत शेजारी शेजारी उभे राहिले. आधी एक चप्पल दिसली. मग पदर. मग रेणुकाताईंचा चेहरा, जरासा रागावलेला.

"ताई, आत बसता?" ओजस्विनी म्हणाली. या खेपेला आवाज गोड करायला ती विसरली होती.

"बसते," ताई म्हणाल्या. "पण सोमवारी शाळेतसुद्धा."