सारजेचा अंबाडा

परळच्या कामगार नाटकात मी उभी राहिले ती केवळ शेवंतीला गोवर झाला म्हणून. सारजेचं काम तिचं होतं. तालमीत तिला वाक्यं मी सांगायची, त्यामुळे पाठांतर माझंच पक्कं. रंगपटात पाऊल टाकलं, तर मेकअपमन काजळाची डबी हातात धरून माझ्याकडे नुसता बघत राहिला.

"काय बघताय?"

"डोळे... कामाचे आहेत."

"माझ्याही कामाचे आहेत. आटपा."

हा भिवा. दिवसा गिरणीच्या रंगखात्यात कापड रंगवायचा, संध्याकाळी तोंडं. त्याने मला न विचारता डोळ्यांखाली काळं फासलं, केस विस्कटले. सारजेचा नवरा बेळगावच्या सत्याग्रहाला निघालाय, म्हणजे बायको खचलेली, असा त्याचा सरळ हिशेब. आरशात बघितलं, तर हडळ!

"पुसा हे," मी म्हणाले.

"का ओ बकुळाबाई?"

"सारजेला काय हवंय? नवरा घरात राहायला हवाय. मग ती असं ध्यान घेऊन त्याच्यापुढे जाईल? नटेल ती. अंबाडा घालेल, गजरा माळेल."

 भिवाने खोबरेलाच्या फडक्याने सगळं हलक्या हाताने पुसलं आणि अंबाडा बांधला. कानाजवळची एक बट मात्र मोकळीच ठेवली.

"ही राहिली की!"

"राहिली नाही, ठेवली. नटताना हात थरथरला तिचा..." तो हळूच म्हणाला. "एवढं तरी माझं असू द्या."

मी नटून रंगमंचावर आले, तेव्हा प्रेक्षकांतल्या मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी शिट्टी मारली. नवऱ्याने तरीही पिशवी उचलली, तेव्हा तोच कोपरा नाक ओढत होता.

पुढे बरेच प्रयोग झाले. शेवंती बरी झाली, पण सारजा माझ्याकडेच राहिली. भिवाची बोटं केसांत फिरायची आणि मी आरशात भलतीकडे बघायची. प्रेमात पडले होते, दुसरं काय! सांगायचं मात्र दोघांनाही जमेना. शेवटी आकडे खोचता खोचता तोच म्हणाला,

"सोमवारी तुकडी निघतेय बेळगावला. मी पण चाललोय."

"जा की," मी म्हणाले. पुढची दोन वाक्यं रंगमंचावर विसरले.

सोमवारी सकाळी मैदानावर लॉरी उभी होती. घोषणा, हार, गुलाल. भिवा फळीवर बसला होता. मला बघितलं आणि घोषणा अर्धीच सोडून त्याने खाली उडी मारली. मी अंबाडा बांधला होता, गजरा माळला होता. आणखी काही बोलायची गरज नव्हती. ती खूण आम्हा दोघांनाच वाचता येत होती.

"बट मुद्दाम ठेवलीस?"

"नाही. हात थरथरला."

"बकुळा... थांबू?"

हो म्हणायलाच तर आले होते. पण त्याच्या कपाळावरचा गुलाल बघितला आणि जीभ फिरली.

"नको. जाऊन ये. तू येईपर्यंत केस सोडणार नाही वगैरे मी म्हणणार नाही. डोकं खाजतं. पण वाट बघेन."

लॉरीने हॉर्न दिला. सगळ्यांच्या देखत भिवाने ती बट माझ्या कानामागे सारली. ती लगेच सुटली. त्याने पुन्हा सारली, पुन्हा सुटली. इतकी तोंडं रंगवलेला माणूस, पण बोटं काही ऐकेनात.

"राहू दे," मी म्हणाले. "आल्यावर बांध."