लक्षदिवा लाल का व्हायचा?

तीन आठवडे एका कोड्याने मला हैराण केलं होतं. ते सुटलं म्हणून आता हसत सांगते आहे, नाहीतर तोंड उघडायची माझी हिंमत झाली नसती.

कोडं असं होतं. वर्गात माझा दिवा हिरवा असला की माझं गणित चुकायचं आणि दिवा लाल झाला की बरोबर यायचं. खरं म्हणजे उलटं व्हायला हवं होतं. निदान शाळेचं तरी तसं म्हणणं होतं.

थांबा, आधी दिव्याबद्दल सांगते. मी कस्तुरी थोरात, इयत्ता सातवी, मुक्काम कराड. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही शाळेत गेलो तर प्रत्येक बाकावर एकेक लक्षदिवा (विद्यार्थ्याचं लक्ष कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) बसवलेला. दिसायला अगदी साधा, लिंबाएवढी काचेची गोटी. पण तिच्यात एक इवलासा कॅमेरा असतो आणि तो आपली बुबुळं कुठे वळली ते पाहत राहतो. नजर फळ्याकडे किंवा बाईंकडे असली की दिवा हिरवा. तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ भलतीकडे गेली की लाल. आपण लिहायला लागलो की तो आपोआप विझतो. दिवसभरात किती मिनिटं लाल, याचा अहवाल संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या टेबलावर हजर!

माझी सगळी बोंब व्हायची ती तोंडी गणिताच्या तासाला. वह्या बंद, पेन खाली. गुरव बाई विचारायच्या, "छत्तीस गुणिले सात?" मी छताकडे बघून हिशेब करायला लागले की दिवा लाल. बाई म्हणायच्या, "कस्तुरी, उत्तर काय छतावर लिहिलंय?" वर्ग हसायचा. मी म्हणायचे, "दोनशे बावन्न." उत्तर बरोबर असायचं, पण लाल मिनिट मोजलं गेलेलं असायचं.

मग मी ठरवलं, काहीही झालं तरी फळ्यावरून नजर हलवायची नाही. जमलं. दिवा टवटवीत हिरवा! पण छत्तीस साते विचारलं की डोक्यात नुसता गोंधळ. सहा साते बेचाळीस, हातचे चार, आणि पुढे काय होतं? तेवढ्यात गेलंच सगळं पुसून. घाबरून परत वर बघायला लागले, परत लाल.

माझी मैत्रीण फिरदोस मुजावर हिचा दिवा मात्र आठवडाभर हिरवागार असायचा. तिला त्याबद्दल प्रमाणपत्र मिळालं. पूर्वी हीच फिरदोस प्रश्न विचारून विचारून बाईंना भंडावून सोडायची. दिवे आल्यापासून तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. खरं सांगायचं तर वर्गात कोणीच विचारत नव्हतं. सगळे समोर बघत पुतळ्यासारखे बसायचे.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी माझ्या हातात पत्र पडलं. 'एकाग्रता कमी असल्यामुळे कु. कस्तुरी हिला सोमवारपासून शांत तुकडीत बसवण्यात येईल. पालकांनी सही करून पत्र परत पाठवावं.' शांत तुकडी वरच्या मजल्यावर होती. तिथे प्रत्येकाच्या तिन्ही बाजूंना पुठ्ठ्याची भिंत आणि समोर धडे दाखवणारा एक पडदा. शेजारी कोणी नाही, प्रयोगशाळा नाही. एकदा तिथे गेलेलं कोणी वर्ष संपायच्या आत खाली येणार नाही, असं मुलं म्हणायची. मला रडू आलं. सगळ्यात वाईट म्हणजे, आपलं डोकंच मंद आहे असं मला मनातून वाटायला लागलं होतं.

आई-बाबांना पत्र दाखवायचा धीर होईना, म्हणून मी आप्पांकडे गेले. आप्पा म्हणजे माझे आजोबा. ते शास्त्रज्ञ आहेत, आता निवृत्त आहेत, पण गच्चीवरच्या खोलीत त्यांचे उद्योग चालूच असतात. वाटलं, आप्पा सही करून टाकतील आणि वर एक चिक्कीही देतील.

आप्पांनी पत्र वाचलं आणि चष्मा काढला.

"दिवा खोटं बोलत नाही, कस्तुरी. ते यंत्र माझं हाय."

"तुमचं?"

"मूळ यंत्र माझं. डुलकीदर्शक (चालकाला झोप येऊ लागली की इशारा देणारं यंत्र). कुंभार्ली घाटात ट्रक चालवणाऱ्यांसाठी बनवलं होतं मी. चालकाची नजर तीन सेकंद रस्त्यावरून हलली की घंटा वाजायची. किती जीव वाचले त्यानं! गेल्या वर्षी कंपनीची माणसं आली, म्हणाली, शाळेत बसवू का? मी म्हटलं, बसवा की. जे घाटात चालतं ते वर्गात का नाही चालणार?"

आप्पांना त्या यंत्राचा केवढा अभिमान! दूध आणायला गेले तरी दहा माणसांना घाटाची गोष्ट सांगून येतात, पण आमचा दिवा त्याच यंत्राचा हे मला आत्ता कळत होतं. आणि मी त्यांची नात, त्यांच्याच यंत्रात नापास. मला भयंकर राग आला.

"मग सांगा," मी म्हटलं, "घाटात पहिली चाचणी घेतलीत तेव्हा तुमचं वय काय होतं?"

"पहिली चाचणी म्हणजे…" आप्पांनी मान वर केली आणि ते पंख्याकडे बघायला लागले. "दोन हजार एकोणतीस साल. माझा जन्म एकोणीसशे शहाऐंशीचा. म्हणजे चौदा आणि एकोणतीस…"

मी मनात आकडे मोजत होते. एक, दोन, तीन, चार.

"आप्पा, तुमचा दिवा लाल!"

आप्पा पंख्याकडे बघत होते ते तसेच राहिले. मग हळूच मान खाली आणली.

"त्रेचाळीस," शेवटी म्हणाले. "पत्र राहू दे. कागद आण."

जेवायच्या टेबलावर आमचा प्रयोग सुरू झाला. आप्पांनी वीस चिठ्ठ्यांवर वीस गणितं लिहिली. दहा गणितं त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून सोडवायची, दहा वेळा कुठेही बघितलं तरी चालेल. मी म्हटलं, आधी चेहऱ्याची दहा करू. त्यांनी मान हलवली. "तसं नको. शेवटी शेवटी तू दमशील, नाहीतर तुझा हात बसेल. मग फरक कशामुळं पडला ते कळायचं नाही. चिठ्ठ्या मिसळायच्या." म्हणून आम्ही चिठ्ठ्या मिसळल्या.

चेहऱ्याकडे बघून दहापैकी चार बरोबर आली. इकडेतिकडे बघून नऊ!

"पण असं का होतं?" मी विचारलं.

"मेंदूत कार्यस्मृती असते," आप्पा म्हणाले. "कार्यस्मृती (हातातलं काम होईपर्यंत माहिती तात्पुरती धरून ठेवायची मेंदूची क्षमता) फार लहान असते. आपल्या ओट्यासारखी समज. तिथं परात ठेवली, पीठ ठेवलं की जागा संपली. आता त्याच वेळी कोणी बाजाराच्या पिशव्या ओट्यावर आणून ओतल्या तर भाकरी थापायची कुठं?"

"म्हणजे गणित म्हणजे भाकरी. मग पिशव्या कुठल्या?"

"डोळे सारखे काहीतरी आत आणत असतात, त्या. आणि माणसाचा चेहरा ही सगळ्यात मोठी पिशवी. बाई रागावल्यात का, हसतायत का, भुवया का उचलल्या, हे सगळं मेंदू न सांगता वाचत बसतो. छतावर काय असतं? काही नाही. म्हणून विचार अवघड झाला की माणूस नजर रिकाम्या जागी नेतो. मेंदूच ओटा मोकळा करून घेत असतो, पोरी."

"आणि आप्पा, मी दिवा हिरवा आहे का तेही बघत असते."

"म्हणजे आणखी एक पिशवी!" आप्पांनी कपाळाला हात लावला. "घाटात सगळं महत्त्वाचं समोरच्या रस्त्यावर असतं. वर्गात तसं नाही. फळ्यावरचं एकदा डोक्यात आलं की पुढचं काम आत चालतं. मी रस्त्याचं यंत्र वर्गात नेऊ दिलं आणि एकदा तपासूनसुद्धा बघितलं नाही."

मला एकदम हलकं वाटलं. तरी एक शंका होतीच. "म्हणजे खिडकीबाहेर बघणारा प्रत्येक जण विचारच करत असतो?"

"छे! कोणी पतंगही बघत असेल. दोघांचे डोळे सारखेच दिसतात. माझ्या यंत्राला ते ओळखता येत नाही. ओळखायचं तर प्रश्न विचारून थोडं थांबावं लागतं."

शनिवारी सकाळच्या शाळेत आप्पा माझ्याबरोबर आले. गुरव बाईंना त्यांनी सगळं सांगितलं आणि एक तास मागितला. बाई आधी नको म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या पत्राकडे बघून म्हणाल्या, "बरं, एकच तास."

वर्गात आम्ही चौतीस जण. निम्म्यांनी पहिली दहा गणितं दिवा हिरवा ठेवून करायची आणि पुढची दहा दिव्यावर रुमाल टाकून. उरलेल्यांनी नेमकं उलटं. प्रत्येक उत्तर कागदावर लिहायचं. बाई गणितं सांगायला लागल्या आणि माझ्या मनात आलं, घरी जे झालं ते फक्त माझंच असलं तर? मग सोमवारी मी वरच्या मजल्यावर जाणार हे नक्की होतं.

कागद तपासून बेरीज केली. हिरव्या दिव्याच्या तीनशे चाळीस उत्तरांपैकी एकशे एक्क्याऐंशी बरोबर. रुमालाखालची दोनशे छप्पन्न!

बाईंनी बेरीज स्वतः दुसऱ्यांदा करून पाहिली. आकडे तेच आले. मग फिरदोस उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, रागावू नका, पण माझं प्रमाणपत्र परत घ्या. मी दिवसभर फळ्याच्या चौकटीचे स्क्रू मोजते. बावीस आहेत. काल तास कशावर होता तेही मला आठवत नाही."

वर्ग हसला नाही. इकडून तिकडून आवाज यायला लागले. कोणी फळ्याच्या कोपऱ्यातला डाग बघायचं, कोणी बाईंच्या चष्म्यातली ट्यूबलाइट. सगळ्यांचे दिवे हिरवे, आणि शिकत कोणीच नव्हतं.

आप्पा म्हणाले, "मुलांचं चुकलं नाही, बाई. आपण दिवा मोजला, म्हणून त्यांनी दिवा सांभाळला. विचार मोजला असता तर विचार केला असता. आणि चूक कुणाची म्हणाल तर माझी. मी तसं लिहून देतो."

बाई खुर्चीत बसल्या. मला वाटलं आता रागावणार. पण त्यांनी आपल्या टेबलाचा खण उघडला आणि आतून एक कागद काढला.

"माझाही अहवाल असतो हो, आप्पा," त्या म्हणाल्या. "वर्ग किती टक्के हिरवा, ते माझ्या नावावर लागतं. तीन आठवडे मी शिकवताना मुलांकडे बघितलंच नाही, नुसते दिवे बघत होते. पूर्वी मला शाळेत यायला किती आवडायचं!" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले आणि मग त्या चक्क हसल्या. बाईंना हसताना आम्ही दिवाळीनंतर पहिल्यांदा पाहिलं.

आमच्या बेरजेचा आणि आपल्या अहवालाचा, असे दोन्ही कागद घेऊन त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. आप्पाही गेले. मी पत्र हातात धरून बाकावर बसले होते. वीस मिनिटांनी बाई परत आल्या, सरळ माझ्यापाशी आल्या आणि सही नसलेलं ते पत्र त्यांनी माझ्या हातून काढून घेतलं.

"कस्तुरी, तू कुठेही जाणार नाहीस. आणि आपल्या वर्गातले जे सात जण वर आहेत ते सोमवारी खाली येतायत."

मी रडले. अगदी हुंदके देऊन रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही. मी मंद नव्हते. मी विचार करत होते.

लक्षदिवे आता कोणाला काही कळवत नाहीत. आप्पांनी पंधरा दिवस खटपट करून कॅमेरे काढून टाकले आणि तिथे एक बटण बसवलं. 'मी विचार करतोय, जरा थांबा,' असं सांगायचं असलं की आपण ते दाबायचं. मग दिवा पिवळा होतो आणि बाई खरोखरच थांबतात. पहिल्या दिवशी काही जणांनी उगाच दाबून पाहिलं, नाही असं नाही. पण थांबल्यावर बाई उत्तर विचारतात, त्यामुळे ती गंमत फार दिवस टिकली नाही.

काल आप्पा बटणं तपासायला वर्गात आले आणि त्यांनी सगळ्यांना ओट्याची ती गोष्ट सांगितली, तेव्हा फिरदोसचा दिवा पिवळा झाला. बाई थांबल्या. बराच वेळ गेला. मग फिरदोसने विचारलं, "आप्पा, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ती मुलं अवघड विचार करताना काय करतात? त्यांचा ओटा कशाने भरतो, आवाजाने?"

आप्पांनी चष्मा काढला. बाईंकडे पाहिलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"माहीत नाही गं," आप्पा म्हणाले, आणि चिक्की मिळालेल्या पोरासारखे खूश दिसले. "कुणाला विचारायचं? कसं तपासायचं? सांगा बघू."

चौतीस आणि सात, एक्केचाळीस मुलांच्या वर्गात एकेक करून दिवे पिवळे व्हायला लागले.