देवभात

श्रीरंग कुबलने टाकीत करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि म्हणाला, "मीठ बरोबर आहे."

क्षारमापक यंत्र त्याच्या कोपराशीच होतं. पण ते एकदा वापरलं की निर्जंतुक करा, वाळवा, निर्जंतुक केल्याचं वरिष्ठांना कळवा, वरिष्ठांनी कळल्याचं कळवेपर्यंत थांबा, अशी वरात असायची. करंगळीला यातलं काहीच लागत नव्हतं. केंद्रात त्याच्या आधी काम करणाऱ्यांनीही मीठ जिभेवरच पारखलं होतं आणि निवृत्तीपर्यंत त्यांना काही झालं नव्हतं.

क्षारजीव विलगीकरण केंद्र मालवणच्या किनाऱ्यापासून बरंच आत, समुद्रात रोवलेल्या एका लोखंडी मचाणावर उभं होतं. परदेशातून येणारा खाऱ्या पाण्यातला प्रत्येक शोभेचा मासा, प्रत्येक प्रवाळ आधी इथे मुक्काम करी. कागदपत्रांत माशाचं नाव, मूळ देश आणि 'प्रवासाचा उद्देश' लिहावा लागे. उद्देश नेहमी एकच असे : शोभा. मुक्कामात जो मासा मलूल दिसेल, अंग घासेल, तोंड उघडं ठेवून धापा टाकेल, त्याला लवंगेच्या तेलात शांतपणे संपवायचं. जो ठणठणीत दिसेल तो लाँचमधून किनाऱ्यावर आणि तिथून कुणाच्या तरी दिवाणखान्यात. लवंगेच्या त्या तेलामुळे सगळ्या मचाणाला दाताच्या दवाखान्याचा वास येई.

पण हल्ली तो वास येत नव्हता.

"कारण मारायला कुणी आजारीच नाही," डॉ. झुलेखा मुकादम म्हणाली. ती केंद्राची परजीवीतज्ज्ञ. रत्नागिरीची, तोंडाने फटकळ. "होळीपासून एक मासा आजारी नाही. तुला भीती नाही वाटत?"

"माझं काम उत्तम चाललंय याची?"

"बस खाली. तुझ्या गावी भातात देवभात येतं?"

"येतं की. तण आहे ते. पण दिसतं हुबेहूब भातासारखं. लोंबी येईपर्यंत आजीलासुद्धा ओळखू यायचं नाही."

"ते भातासारखं का दिसतं? त्याला कुणी शिकवलं?"

श्रीरंगने खांदे उडवले.

"तुझ्या आजीने," झुलेखा म्हणाली. "तिच्या आजीने. जे तण वेगळं दिसलं ते उपटलं, जे भातासारखं दिसलं ते राहून गेलं. त्याचं बी पडलं. पिढ्यान्‌पिढ्या बायका वाकून वाकून तणाला भाताचा वेष चढवत होत्या आणि त्यांना वाटत होतं, आपण बेणतोय. आता सांग, आपण इथे काय करतो?"

"आजारी दिसेल त्याला मारतो."

"आणि ज्या परजीवीमुळे मासा आजारी दिसत नाही?"

"त्याला..." श्रीरंग थांबला. "त्याला शिक्का मारून पाठवतो."

"जगभरातली सगळी केंद्रं हेच करतात. मी तीन ठणठणीत मासे कापले. तिघांच्याही मेंदूत पांढऱ्या तंतूंचं जाळं. रक्तात काही नाही, खवल्यांवर काही नाही. तो आत बसून माशाची निगा राखतो. बाकीच्या जंतूंना खातो, धाप थांबवतो, घाबरू देत नाही. तपासणीत पास होणं हाच त्याचा धंदा. मी त्याचं नाव देवभात ठेवलंय."

"आणि पुढे?"

"तपासणीच्या मुदतीत काही नाही. तेवढंच तर तो शिकलाय. मुदतीनंतर मेंदूचं काय करतो ते पाहायला आपण मासा ठेवतो कुठे?" तिने खुर्ची पुढे ओढली. "श्रीरंग, तुझा दम्याचा पंप कुठेय?"

त्याने खिसे चाचपले. पंप सापडला नाही, कारण होळीनंतर तो लागलाच नव्हता. लहानपणापासून छातीत वाजणारी पिपाणी बंद झाली होती. झोप गाढ लागत होती. समुद्र खवळल्यावर मचाण हलायचं तेव्हा पूर्वी तो बायकोला, रेवतीला, फोन करून निरोप घ्यायचा. हल्ली भजी तळायचा.

त्याने स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं. आता घाबरायला हवं, असं त्याला अगदी स्पष्ट कळत होतं. त्याने मनापासून प्रयत्न केला. काही झालं नाही.

झुलेखाने त्याच्या कानामागे कागदी पिशवी फुगवून फोडली.

"पिशवी चांगली होती," श्रीरंग म्हणाला.

झुलेखा मात्र स्वतःच फोडलेल्या पिशवीला दचकून किंचाळली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"लाळेतून पसरत असणार," ती हळूच म्हणाली. "घरी जायचं नाही."

त्याला काचेच्या खोलीत ठेवलं. घरी रेवती होती आणि त्याने अजून कडेवर न घेतलेली मुलगी होती. बारसं त्याच्यासाठी थांबलं होतं. तोवर मुलीला सगळे 'बाळ'च म्हणत.

"अरे, ती आता आवाजाकडे मान वळवते," रेवती फोनवर म्हणाली. "तू आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, असं आईंना बजावलंय. पण तुझा आवाज असा काय? आंघोळ करून बसल्यासारखा?"

"बरं वाटतंय मला," तो म्हणाला. रेवतीला याचं दुःख झालं, हे त्याला समजत होतं. स्वतःला ते होत नव्हतं, हेही समजत होतं.

झुलेखाचा अहवाल वर गेला आणि चमत्कार म्हणजे तो कुणीतरी वाचला. नवा नियम आला : दचक-चाचणी. टाकीवरून अचानक जाळ्याची सावली न्यायची. जो मासा दचकून पळेल तो निरोगी, जो शांत राहील त्याला लवंगेचं तेल. मचाणाला पुन्हा दाताच्या दवाखान्याचा वास येऊ लागला. किनाऱ्यावर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही आधी भोंगा वाजवून दचकवून पाहत. श्रीरंगच्या दारालाही एक भयमापक बसवला. तो वाटेल तेव्हा भोंगा वाजवी आणि त्याची नाडी मोजी. नाडी उसळली की दार आपोआप उघडणार होतं. ती उसळत नव्हती.

काम मात्र चालू होतं. झुलेखा खिडकीतून टाक्यांचं पाणी पेल्यांत भरून आत सरकवी, सोबत यंत्रही ठेवी. श्रीरंग करंगळी वापरी.

"अरे मेल्या, पुन्हा?"

"आता लागायचं ते लागून गेलंय, मुकादमबाई. आणखी काय लागणार?"

तिने कपाळावर हात मारला आणि पुढचा पेला आत सरकवला.

काही आठवड्यांनी लवंगेचा वास ओसरला. जवळजवळ सगळेच मासे दचकू लागले. केंद्राचं अभिनंदन करणारं पत्र आलं. आणि एका सकाळी, श्रीरंग दाढी करत असताना, भोंगा वाजला. तो असा उडाला की वस्तरा बेसिनमध्ये पडला आणि गालातून रक्त आलं.

दारावर हिरवा दिवा लागला. "अभिनंदन. आपण निरोगी आहात," यंत्र म्हणालं आणि दार उघडलं.

छाती धडधडत होती. श्रीरंगला रडू आलं. त्याने रेवतीला फोन लावला. "आज येतोय! मी घाबरलो!"

"देवा!" रेवती म्हणाली आणि तीही रडायला लागली. "बाळ, बाबा घाबरला ग तुझा!"

लाँच धक्क्याला लागली होती. माशांच्या पेट्या चढत होत्या. श्रीरंग पिशवी घेऊन टाक्यांच्या ओळीतून निघाला. झुलेखा पुढे त्याच्याशी हात मिळवायला उभी होती. त्याची सावली पहिल्या टाकीवर पडली आणि मासे दचकले. सगळे. एकाच क्षणी, एकाच दिशेला, कवायतीसारखे.

तो थांबला. एक पाऊल मागे आला, पुन्हा पुढे गेला. पुन्हा तीच कवायत.

"झुलेखा," तो म्हणाला, "यातला एक काप."

"पास झालेत ते."

"म्हणूनच."

तिने कापला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग नुसती बाजूला झाली. श्रीरंगने पाहिलं. पांढरं जाळं पूर्वीपेक्षा दाट होतं.

"जो मासा शांत राहिला त्याला आपण मारलं," ती म्हणाली. "म्हणजे दचकवणारा देवभात तेवढा ठेवला. आपणच बेणलं. आणि तू पेल्यातून नवा घेतलास." तिचा चेहरा पांढरा पडला. "मी परवा भावाच्या लग्नाला जाऊन आले. चाचणीत इतकी छान दचकले होते..."

मग ती धक्क्याकडे धावत सुटली. "पेट्या उतरवा! लाँच सोडू नका!"

श्रीरंग वळला आणि काचेच्या खोलीत शिरला. त्याने दार लावून घेतलं. फोन वाजत होता. पडद्यावर रेवती, तिच्या खांद्यावर नव्या झबल्यातली मुलगी. आवाजाकडे मान वळवणारी. तिचा पापा घेतला तर काय होईल, ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि काळीज तोंडाशी आलं.

हिरवा दिवा लागला. दार उघडलं.

त्याने ते ओढून लावलं. ही भीती आपली की देवभाताची, हे कळायला काही मार्ग नाही, असं त्याच्या मनात आलं. नाडी आणखी उसळली. दार पुन्हा उघडलं.

श्रीरंगने कडी दोन्ही हातांनी धरली, पाय चौकटीला रेटले आणि अंगातला सगळा भार मागे टाकला. यंत्र पलीकडून जोर लावत होतं.

"आपण अत्यंत निरोगी आहात," ते आर्जवाने म्हणालं. "कृपया घरी जा."