पाय टेकले पाहिजेत

कुपवाडच्या त्या वर्कशॉपचं शटर अर्धंच वर होतं. आम्रपाली वाकून आत शिरली, आणि आत आल्यावरही वाकलेलीच राहिली. तिची ती जुनी सवय. वर्गात, गल्लीत, सगळ्या चुलत बहिणींत तीच उंच, त्यामुळे शाळेपासून खांदे पाडून, मान पुढं काढून वावरायचं तिच्या अंगवळणी पडलं होतं. त्यात आता पुण्याच्या कंपनीचं काम सांगलीत घरी बसून, तेही जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर. पाठीनं दाद मागितली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या पुरे झाल्या, आता अंगाच्या मापाची खुर्ची घ्या. दुकानातली एकही खुर्ची तिला पुरेना, तेव्हा दुकानदारानंच इथला पत्ता दिला होता.

टेबलामागे एक तरुण नव्या कोऱ्या खुर्चीत बसला होता. समोरच्या स्टुलावर आम्रपाली बसली आणि तिला चक्क मान वर करून त्याच्याकडे बघावं लागलं. असं तिच्या आयुष्यात फारसं कधी घडलं नव्हतं. एवढा उंच मुलगा... तिला उगीचच छान वाटलं, आणि छान वाटल्याबद्दल लाजही वाटली.

"मी प्रशांत. वर्कशॉप आमचंच हाय," तो म्हणाला. "उठत न्हाई, रागवू नका... पाय मुरगळलाय जरा."

मग खुर्चीबद्दल तो असा काही बोलत सुटला की मुरगळलेला पाय त्याचा तोही विसरला असावा. पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. गुडघ्यामागं दोन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. पाठीचा फुगवटा कमरेतच लागला पाहिजे, वर न्हाई, खाली न्हाई. जाड माणसाला खुर्चीचे हात लांब-लांब पाहिजेत, उंच माणसाला बैठक खोल पाहिजे, आणि बुटक्या माणसाला...

"बुटक्या माणसाला काय?"

"त्याचं बघू कवातरी," असं म्हणून त्यानं शिवणकाम करणाऱ्या सोनियाताईंना हाक मारली.

टेप सोनियाताईंनी धरली, आकडे त्यानं ऐकून घेतले. आम्रपाली मात्र परक्या माणसासमोर बसते तशीच बसली होती. पाय स्टुलाखाली ओढलेले, पाठीची कमान, हनुवटी छातीशी. निघताना तिनं विचारलं, पायाला काही लावलंय का? तो म्हणाला, लावतो की. त्याच्या आवाजात काहीतरी कच्चं होतं, पण माणूस लाजाळू असेल असं तिला वाटलं. रिक्षात बसून ती घरी पोचेपर्यंत हसत होती.

आठवड्यानं खुर्ची आली. रंग देखणा, शिलाई नेटकी... आणि फुगवटा भलत्याच ठिकाणी. बैठक इतकी आखूड की निम्मी मांडी बाहेर. तिनं फोन लावला. त्यानं फोटो मागितला, मग खुर्ची वर-खाली करायची दांडी ओढून बघायला सांगितलं, मग पुन्हा फोटो मागितला. शेवटी म्हणाला, "माझं माप चुकत न्हाई सहसा. तुमी त्या दिवसापासनं वाढलाय का काय?"

ती हसली, पण फोन ठेवल्यावर तिचं हसू मावळलं. माप त्याचं चुकलं नव्हतं. तिनंच स्वतःची दुमडून घडी केली होती, आणि त्यानं बिचाऱ्यानं त्या घडीची खुर्ची बनवली होती.

शनिवारी टेम्पोतून खुर्ची परत गेली आणि तिच्यामागोमाग आम्रपालीही. सोबत एक छोटी बाटली होती, मुरगळण्यावर आईच्या हातचं लसणाचं तेल. वर्कशॉपच्या पत्र्यावर पावसाची सर कोसळत होती, बोललेलं ऐकू यायला दोघांनाही पुढं झुकावं लागत होतं. तो आजही त्याच उंच केलेल्या खुर्चीत बसलेला. तेलाची बाटली बघून तो असा ओशाळला की तिला त्याची कीव आली. एवढ्याशा तेलाचं काय एवढं...

तो जरा वेळ तिच्या वाकलेल्या खांद्यांकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "एक विचारू? बसताना तुमी एवढ्या लहान का होता?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी तिला लहान व्हायलाच सांगितलं होतं. आणि मग तिनं सांगून टाकलं. बघायला आलेली मंडळी चहा पिऊन जातात आणि मुलापेक्षा मुलगी उंच दिसते असा निरोप धाडतात. उद्या लोणंदचे पाहुणे येणार आहेत. आईनं बैठ्या स्टुलावर, मान खाली घालून बसायची ताकीद दिली आहे. आई वाईट नाही हो, ती नुसती घाबरलेली आहे. सांगता सांगता आम्रपालीचे डोळे भरून आले.

"म्हंजे मी माप घेतलं ते तुमच्या भीतीचं," प्रशांत म्हणाला. "चूक माझी बी हाय. आकडे ऐकले, माणूस बघितलंच न्हाई. आता सांगा... खुर्ची तुमच्या मापाची करू, का लोणंदकरांच्या?"

आम्रपालीनं पाय पुढं घेऊन जमिनीवर सपाट टेकवले, पाठ सरळ केली, मान उचलली. सोनियाताईंना टेप धरायला हात वर न्यावा लागला. "आगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या. प्रशांत नुसता बघत राहिला. त्या नजरेत ना हसू होतं ना कीव. आम्रपालीला गालांवर ऊब जाणवली आणि घाईघाईनं पर्स उचलताना तिच्या हातून छत्री टेबलाखाली गेली.

ती छत्रीसाठी वाकली. टेबलाखाली प्रशांतचे दोन्ही पाय अधांतरी लोंबकळत होते. मुरगळलेला म्हणावा तो पाय तर पावसाच्या तालावर मजेत झुलत होता.

ती छत्री घेऊन वर आली आणि चेहरा कोरा ठेवून म्हणाली, "तेल दोन वेळा लावा हं." बाहेर येऊन मात्र ती भिजत उभी राहिली. त्यानं खोटं बोलून तिला फसवलं होतं, राग यायला हवा होता. पण हे खोटं तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. ती घडी घालून बसायची, तो शिडी लावून बसला होता... एवढाच काय तो फरक.

रविवारी पाहुणे आले. आईनं, भामाबाईंनी, बैठं स्टूल मांडलं होतं, आम्रपालीनं ते बाजूला सारून खुर्ची ओढली आणि ताठ बसली. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिनं समोर बघून दिली. पाहुणे कळवतो म्हणाले आणि संध्याकाळी फोनवर नको म्हणाले. भामाबाई स्वयंपाकघरात डोळे पुसत राहिल्या. वडील, आप्पासाहेब, लेकीजवळ येऊन बसले. "आज माझी लेक मला पुरती दिसली," ते म्हणाले, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवण्यासाठी त्यांनी तिला वाकायला लावलं नाही, स्वतःच उभे राहिले.

खुर्ची तयार झाल्याचा फोन आला तशी ती कुपवाडला निघाली. तो आपल्या उंच जागेवर होताच. नव्या खुर्चीत ती बसली. पाय टेकले, दोन बोटं मोकळी राहिली, फुगवटा नेमका कमरेत आला, आणि पाठीचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं तिला वाटलं.

"पाहुणे काय म्हणाले?" त्यानं विचारलं. विचारताना तो उगीच टेपची गुंडाळी करत होता.

"उंच हाय म्हणाले."

"म्हंजे डोळे तरी बरे हायत त्यांचे." पण त्याचा जीव भांड्यात पडलेला तिला स्पष्ट दिसला.

"माझी खुर्ची झाली," ती म्हणाली. "आता तुमची बघू. तुमचे पाय टेकत न्हाईत."

प्रशांतचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. टेप हातातून सुटली. "कवा बघितलं?"

"छत्री पडली तवा."

"त्या दिवशी मी खुर्चीखालची गॅसची नळी तपासायला खुर्ची वर केली हुती," तो खाली बघत म्हणाला. "तेवढ्यात तुमी आला. अशा देखण्या, उंच... आणि तुमी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला कुणी तसं बघत न्हाई ओ. मग खाली यायचा धीरच झाला न्हाई... तेल वासाचं हाय, पण रोज लावतोय. चांगल्या पायाला."

तिला हसू आवरेना. "दांडी ओढा."

"आम्रपाली..." तो पहिल्यांदाच नावानं बोलला.

"ओढा म्हणते ना. मी माझी पाठ सरळ केली, तुमी निदान पाय टेकवा."

त्यानं दांडी ओढली. हिस्स... करत खुर्ची खाली आली आणि त्याचे बूट फरशीला लागले. मग न सांगताच तो उभा राहिला, आणि तीही राहिली. त्याचं डोकं तिच्या भुवयांशी आलं. तिच्या खांद्यांना जुन्या सवयीनं खाली यायचं होतं. तिनं येऊ दिलं नाही.

"आता जन्मभर मलाच मान वर करून बघायला लागणार," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"बघा की," आम्रपाली म्हणाली, "मी कुठं वाकतेय."