जास्तीची पाटी

मी शाळेत इतिहास शिकवते. प्राचीन लिप्यांचा धडा आला की सातवीची मुलं जांभया द्यायची, म्हणून यंदा मी शोधाशोधीचा खेळ काढला. लिपी माझीच. घरी जेवणाच्या टेबलावर बसून, मनाला येतील ती चिन्हं काढून रचलेली. चित्रकलेच्या बाईंनी ती मातीच्या पाट्यांवर कोरून भाजून दिली. एक पाटी वाचली की पुढच्या पाटीची जागा कळायची: ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि शेवटी सभागृहातला रंगमंच.

माझ्या भाचीचा गट सगळ्यांत आधी परतला. तिने पाट्या माझ्यापुढे मांडल्या. एक जास्तीची होती.

चिन्हं माझीच, पण पिढ्यान्‌पिढ्या हाताळल्यासारखी झिजलेली. मी ती जुळवून वाचली: 'अजून खाली.'

चित्रकलेच्या बाईंनी ती हातावर तोलून पाहिली. ही माती आपली नव्हे, म्हणाल्या, आणि परत देऊन हात पदराला पुसत राहिल्या.

भाचीला विचारलं तर ती म्हणाली, रंगमंचाखालच्या कोठीत सापडली. बाकीच्या मुलांना बक्षिसाची चॉकलेटं देऊन मी तिला घेऊन निघाले. दहावीच्या कार्ट्यांचा चावटपणा असणार, असं मी मनाला समजावत होते. पाय मात्र भराभर पडत होते. आपली लिपी दुसऱ्या कोणीतरी वापरावी, याचं मला, खरं सांगायचं तर, अप्रूपच वाटत होतं.

कोठीत जुने पडदे आणि मोडक्या खुर्च्या होत्या. भाचीने कोपऱ्यातली फळी सरकवली. मागे इमारतीच्या पायाची दगडी भिंत होती. मोबाईलच्या उजेडात खोल कोरलेली चिन्हं दिसली, शेवाळाने भरलेली. मी बोटाने एकेक चाचपत वाचलं.

'हे कोणाला वाचता येतं?'

त्याखाली एका शब्दापुरती जागा तासून गुळगुळीत केलेली. तिथे खिळ्याने ताजं ओरखडलेलं होतं: 'मला.'

शाळेत मला कटाक्षाने बाई म्हणणारी भाची माझा हात धरून म्हणाली, "मावशी, ते मी लिहिलं. जागा सोडली होती ना, म्हणून."

"आणि त्याखालची ही ओळ?"

"ती आधीपासूनच होती."

त्या ओळीतही शेवाळ होतं.

मी वाचायच्या आधी भाचीच वाचू लागली, एकेका चिन्हावर बोट ठेवून. "म... ग... म... ला..."

मग मला.

भिंतीच्या आतून कोणीतरी तिच्या मागोमाग म्हणत होतं. हळू, चाचरत, पहिलीतल्या मुलासारखं.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

आतलं माणूस थोडं थांबलं. भाची पुढचं सांगेल, याची वाट पाहत असावं.

मग त्याने उरलेली अक्षरं आपली आपणच जुळवली.

"शि... क... व."